नवसाची दाढी

काल संध्याकाळी बाजारातून पिकअप घेऊन परतलो, तर वावरांकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशीच गवऱ्यांचा धूर आला. कोणाच्या तरी वावरात रोडगे लागले होते. दोन्ही बाजूंच्या तुरी वाळल्या आहेत, वारा आला की शेंगा वाजतात. हरभऱ्याला घाटे धरलेत. थंडी अशी, की काच खाली केली तर कान दुखतो आणि वर केली तर गाडीतल्या कोथिंबिरीचा वास डोक्यात जातो. मी काच खाली केली, धूर आत घेतला, आणि माझा हात आपोआप हनुवटीवर गेला.

ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. रोडगे म्हणजे जाडसर दळलेल्या कणकेचे मुठीएवढे गोळे. ते गवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप सोडायचं. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. नवस फिटला की देवापुढे, उघड्या वावरात, गावाला हे जेवण द्यायचं. आमच्याकडे एखाद्याच्या वावरातून असा धूर निघाला की लोक दोन गोष्टी विचारतात. कोणाचे आहेत, आणि कशाचे आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं एका हिवाळ्यात आमच्या घराला फार जड गेलं होतं.

त्या दिवाळीत मी मुंबईहून कपड्यांची बॅग आणि पुस्तकांचं खोकं घेऊन आलो. खोकं पाहिल्यावर बाबांना कळलं असावं, कारण माणूस सणाला येताना पुस्तकं आणत नाही. मुंबईत बरीच वर्षं मी नट होतो, म्हणजे नट व्हायला गेलेल्या माणसांच्या रांगेत होतो. अंधेरीतल्या एका बोळकांडीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असत आणि प्रत्येक खुर्चीवर जवळजवळ माझाच चेहरा बसलेला असे. मला मिळालेली कामं बहुतेक शेतकऱ्याची होती. झाडाखाली बसायचं आणि आकाशाकडे बघायचं. आमच्याकडे आकाशाकडे कोणी बघत नाही, सगळे मोबाइलमध्ये हवामान बघतात. हे एकदा मी बोललो. तिथल्या एका मुलानं माझ्या डोक्याला फडकं गुंडाळलं आणि म्हणाला, “दादा, जरा शेतकऱ्यासारखे उभे राहा ना.” माझ्या वडिलांकडे आठ एकर वावर आहे, निम्म्यात भाजीपाला. मी उभा राहिलो. त्याला ते पटलं नाही.

पण त्या दिवाळीत हातात काम होतं. एक मालिका निघणार होती, मोबाइलवर दिसणारी, वऱ्हाडातल्या एका शेतकरी घराची. संवाद आमच्या बोलीत लिहून द्यायचे होते, ते मला मिळाले. शिवाय त्या घरातला थोरला भाऊ मीच करायचा होता. दिग्दर्शक फोनवर मातीविषयी पुष्कळ बोलत. मातीशी नाळ, मातीचा गंध, मातीतली माणसं. आमच्या घरात मातीविषयी एवढं कोणी बोलत नाही. ती नखातून काढतात आणि जेवायला बसतात. पण मी “हो सर” म्हणत राहिलो, कारण थोरल्याला चांगले प्रसंग होते. विहिरीवरचं भांडण होतं, आईशी एक लांब बोलणं होतं, आणि शेवटी बांधावर धाकट्याची माफी मागणं होतं. ते माफीचं मी स्वतः लिहिलं होतं. लिहिताना ते मोठ्यानं म्हणत होतो, तेव्हा गोठ्यातली गाय वळून बघत होती. इतका प्रतिसाद मला अंधेरीत कधी मिळाला नव्हता.

बाबांना मी सांगितलं, हे शेवटचं. हे झालं तर ठीक, नाही तर मुंबई बंद. भाजीच्या गाडीवरचा ड्रायव्हर सोडून चालला होता आणि बाबांना आता रात्रीचं नीट दिसत नव्हतं. ते बैलासमोर वैरण टाकत होते. म्हणाले, “तुरी निघेपर्यंत पाहू. मंग गाडीवर तुलेच बसा लागंल.”

मुदत ठरली. तुरी तेव्हा फुलावर होत्या.

रिया नावाची एक मुलगी दिग्दर्शकाची सहायक होती. तिचा फोन आला. “सर, तुम्ही लॉक आहात. फक्त दाढी काढू नका, केस कापू नका आणि डेट्स दुसऱ्या कोणाला देऊ नका हं.” दुसरं कोणी मागत नव्हतं, पण ते सांगून आपला भाव कोण पाडून घेतो? शूटिंग लवकरच होतं. लवकरच हा शब्द त्या धंद्यात फार जपून वापरतात, कारण त्याला तारीख नसते.

दाढी वाढली. शहरात दाढी ही हौस असते. आमच्या गावात तिला कारण लागतं. माणूस दुखवट्यात असतो, बुवा होऊ घातलेला असतो, प्रेमात पडून आपटलेला असतो, नाही तर निवडणूक हरलेला असतो. मी यांपैकी कशातच बसत नव्हतो. आमचे शेजारी तुळशीरामबुवा भजनात टाळ धरतात आणि उरलेल्या वेळात गावाची विचारपूस करतात. एका सकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

“काऊन गनेस, दाढी काऊन वाढवू राह्यला बे?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई आतून आली. तिच्या हातात सूप होतं. “नवस हाये त्याचा,” ती म्हणाली. “पांदनीवरच्या मारोतीले बोलला तो.”

“अस्सं. काय मागतलं?”

“सांगत नसतात ना बुवा. फिटल्यावर सांगू.”

बुवा मान हलवून गप्प बसले. त्यांना कोणी इतक्या सहज गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आईनं थाप मारली ती उगाच नाही. मागे एकदा मला एका मालिकेत काम मिळाल्याचं तिनं आनंदानं गल्लीत सांगितलं होतं. अख्खी गल्ली आमच्या घरात टीव्हीसमोर बसली. दारातून पोलीस आत शिरतात, त्यांच्या मागे माझा कोपर दिसला. चहा पिऊन लोक उठले, आणि त्यानंतर वर्षभर आईला बाजारात कोणी ना कोणी विचारी, “पोराचं कसं चालू हाये मंग मुंबईले?” यावेळी तिनं देवाला मध्ये घातलं. देवाला कोणी विचारायला जात नाही.

नवसामुळे माझी किंमत वाढली. मुंबईहून परत आलेला पोरगा होतो, तो आता संयमी माणूस झालो. रस्त्यात बाया पदर सावरून बाजूला होत. तरुण पोरांनी ठरवून टाकलं की मी बायको मागितली असणार, कारण त्यांच्यातल्या कोणालाच मिळत नव्हती. दाढी खाजायला लागली तेव्हा मी जरा कडा नीट करून घ्यायला न्हाव्याकडे गेलो. त्यानं गळ्याभोवती कापडसुद्धा गुंडाळलं नाही. “नवसाच्या दाढीले वस्तरा लावून ते पाप मी घेऊ का?” म्हणाला. मी तसाच परत आलो. मुंबईत माझ्या कोणत्याही भूमिकेवर लोकांनी इतका विश्वास ठेवला नव्हता.

आणि इकडे थोरला आटायला लागला.

फोनला आमच्या वावरात एकाच ठिकाणी नीट रेंज येते, विहिरीच्या कठड्यावर. मी त्या हिवाळ्यात दिवसचे दिवस तिथं बसून काढले. पलीकडे आई वांगी तोडायची, बाबा तुरीच्या ओळीतून फिरायचे. ते फिरताना शेंग दाबून बघायचे आणि परत येताना माझ्या दाढीकडे बघायचे. दोन्ही बघण्यांत मला फरक दिसत नसे. शेंग भरली का, हेच ते बघत होते.

पहिल्या फोनला विहिरीवरचं भांडण गेलं. ज्या गावात शूटिंग ठरलं तिथं विहीर नव्हती. ते गाव साताऱ्याकडचं होतं. जागा बघायला आलेली दोन माणसं आमच्या जवळच्या सुलतानपूरपर्यंत येऊन परत गेली होती. मी कारण विचारलं तर रिया म्हणाली, “तिथं गाव दिसत नाही हो.” त्यांना डोंगर पाहिजे होता, कौलं पाहिजे होती. आमच्याकडे पत्रे आणि सपाट जमीन. वऱ्हाडातलं गाव वऱ्हाडात नीट दिसत नाही म्हणून ते दुसरीकडे हलवलं.

दुसऱ्या फोनला आईशी बोलणं गेलं. रिया म्हणाली, “सर म्हणतात थोरल्याचं मौनच जास्त बोलेल.” मी संवादलेखक होतो, त्यामुळे थोरल्याचं बोलणं कापायचं कामही माझ्याकडेच आलं. मी कठड्यावर बसून स्वतःच्या तोंडातली वाक्यं एकेक करून काढली. मग लेखक म्हणून एक शहाणपणा केला. थोरला बोलत नाही ना, तर बाकीचे त्याच्याविषयी बोलतील. धाकटा म्हणेल, दादाले विचारा लागंल. आई म्हणेल, त्याच्या मनात काय हाये कोन जाने. मला वाटलं, अशानं त्याचं वजन राहील. तो जितका कमी दिसत गेला तितकं लोक त्याच्याविषयी बोलत गेले. असं घरात कोणाविषयी होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पुढे तो शेजारच्या खोलीत खोकू लागला. नुसता आवाज. माफीचा प्रसंग अजून होता, बांधावरचा. त्याला हात लागला नव्हता. प्रत्येक फोनच्या शेवटी मी विचारी, “बांधावरचं आहे ना?” आणि रिया म्हणे, “आहे सर, ते तर हार्ट आहे.” तेवढ्यावर मी परत दाढी सांभाळायचो. तुरीच्या शेंगा हिरव्याच्या तांबूस झाल्या. पाला गळायला लागला. सकाळी उठलो की मी आधी फोन बघे आणि मग वावर. दोन्हीकडे काही ना काही वाळत होतं.

तुरी सोंगल्या. पेंढ्या बांधून खळ्यावर आल्या. मळणीयंत्र सांगून ठेवलं, ते डोणगावकडे अडकलं होतं म्हणून मला दोन दिवस जास्त मिळाले. यंत्र बिघडावं असं मनात आलं नाही म्हणणार नाही. बाबांनी गाडीची किल्ली खुंटीवरून काढून माझ्या पुस्तकांच्या खोक्यावर ठेवली होती. ती रोज सकाळी तिथंच दिसे. मी ती हलवत नव्हतो आणि तेही हलवत नव्हते.

मळणी चालू असताना फोन आला. यंत्राचा आवाज एवढा, की मी एका कानात बोट घालून विहिरीकडे पळालो. दाढीत तुरीचा भुसा अडकला होता.

“सर, एक छान सोल्युशन निघालंय,” रिया म्हणाली. “थोरला गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेला आहे.”

“कुठं?”

“म्हणजे, वारलाय सर. पण तो सगळ्या भागांत आहे. भिंतीवर. फोटो, हार, खाली दिवा. घरातली सगळी भांडणं त्या फोटोसमोर होणार. फ्रेममध्ये तुम्ही कायम असाल.”

“आणि बांधावरचं?”

“धाकटा फोटोची माफी मागतो. सर म्हणाले, उलटं केल्यावर जास्त चढतंय.” मग जरा थांबून, “चेहरा तुमचाच पाहिजे, सरांचा आग्रह आहे. दाढी आहे ना अजून?”

“दाढीच आहे,” मी म्हणालो.

“मग उद्या संध्याकाळपर्यंत एक फोटो पाठवा ना. करारी, पण गेलेला.”

त्या मुलीची चूक नव्हती. ती बिचारी वरून आलेलं खाली सांगत होती, आणि जमेल तेवढं गोड करून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी सुलतानपूरला फोटो काढायला गेलो. फाट्यावर वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे बॅनर शेजारी शेजारी लागलेले असतात. दोन्हींवर माणूस तोच असतो, सदरा तोच असतो, फक्त खालची अक्षरं बदलतात. ते सगळे याच स्टुडिओत होतात. संतोष फोटोग्राफर माझ्या ओळखीचा. त्यानं विचारलं, “कशासाठी पाह्यजे? वाढदिवसाचा असंल तर गॉगल लावा.”

“भिंतीवर लावायचा आहे. हार घालून.”

त्यानं कॅमेरा खाली केला. “कोन गेलं?”

“मीच.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. संतोषनं काही विनोद केला नाही, हे मी त्याच्या नावावर जमा धरतो. त्यानं मला निळ्या पडद्यासमोर बसवलं आणि म्हणाला, “लोकं आमच्याकडे मेल्यावर मोबाइलमधला कोनताबी फोटो घेऊन येतात. लग्नातला, जेवतानाचा. तुमचा तरी नीट निघंल. सरळ पाहा. कोनाची वाट पाहू राह्यले असं नका पाहू.”

ते मात्र जमेना. त्यानं पाचसहा वेळा सांगितलं. कॅमेऱ्याकडे बघितलं की मी वाट बघत असल्यासारखाच दिसत होतो.

अखेर एक फोटो बरा निघाला. संतोष तो पाठवायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि फोटो माझ्या मोबाइलवर घेतला. घरी न विचारता स्वतःला हार घालून घ्यावा असं काही मला वाटेना.

आई-बाबा खळ्यावर तुरी उफणत होते. उन्हं उतरली होती. मी सांगितलं. आईनं सूप खाली ठेवलं.

“त्यात तू बोलतं का?”

“नाही.”

“हालतं का?”

“फोटो आहे आई. कसा हलेल?”

“मंग बाप्पा इथंच बस ना भिंतीले टेकून. तिकडे मराले काऊन जातं?” तिचा आवाज चढला नाही, पण तिनं सूप परत उचललं ते उलटं धरलं. “जित्या पोराच्या फोटोले हार. आमी अजून जित्ते हाओत इथं.”

मी बाबांकडे बघितलं. मला ते नाही म्हणायला हवे होते, की हो म्हणायला, हे मला आजही सांगता येणार नाही. इतकी वर्षं गेली होती आणि हातात एवढंच राहिलं होतं, एक न हलणारा चेहरा. तो पाठवला तर मी नट म्हणून संपलो होतो, आणि नाही पाठवला तर नट म्हणून कधी नव्हतोच.

बाबा ओंजळीत तुरी घेऊन वाऱ्यावर सोडत राहिले. भुसा उडून माझ्या अंगावर येत होता. मग म्हणाले, “दे पाठवून. मेल्याची बातमी उठली का मानसाचं आयुष्य वाढते म्हनतात.” आणि ओंजळ रिकामी झाल्यावर, “तुरी झाल्या.”

मी विहिरीच्या कठड्यावर गेलो आणि फोटो पाठवला. रियाचा अंगठा आला. परत येऊन किल्ली उचलली.

दुसऱ्या दिवशी दाढी काढायला गेलो. न्हाव्यानं आरशातून विचारलं, “फिटला?” मी म्हणालो, “फिटला.” त्या हिवाळ्यात नट म्हणून मी लोकांसमोर म्हटलेलं तेवढं एकच वाक्य होतं, आणि त्यानं ते पहिल्या झटक्यात खरं मानलं. थंडीत गाल उघडे पडले तसे झोंबू लागले. मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. तुळशीरामबुवा ओट्यावर हजर.

“मंग वहिनी, रोडगे कधी?”

रात्री मी आईला म्हणालो, नवस बोललाच नव्हता तर फेडायचा काय? ती म्हणाली, “देवाच्या नावानं मी खोटं बोलली ना. आता त्याचं त्याले देऊन टाकू. आन् तो हार घातलाय लोकायनं, त्याचाही उतारा होऊन जाईल.” तिच्या हिशोबात दोन्ही एकाच जेवणात बसत होतं.

पांदणीवरच्या मारोतीपुढे रोडगे लागले. वांगी आमचीच. बाप्यांनी कणीक मळली, गवऱ्या रचल्या, एकमेकांच्या गोळ्यांना नावं ठेवली. धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले, त्यामुळे माझे कोणाला वेगळे दिसले नाहीत. पंगत बसली. पळसाच्या पत्रावळीवर पहिला रोडगा फोडून बुवांनी अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं, “आता तरी सांगा. काय मागतलं होतं?”

पंगतीतले हात थांबले. मी वाढायला तुपाचं भांडं घेऊन उभा होतो. सबंध हिवाळाभर मी एका कुटुंबाच्या तोंडी वाक्यं घातली होती, आणि आता स्वतःसाठी एक सुचेना. आई चुलीकडे तोंड करून बसली.

बाबा वरणाची बादली घेऊन माझ्या मागून आले. बुवांच्या पत्रावळीत वरण वाढत म्हणाले, “दाढी निघू दे म्हून मागतलं होतं.”

बुवांनी माझ्या गुळगुळीत तोंडाकडे बघितलं. “मंग पावला म्हना.”

“पावला. आनखी वाढू का?”

पंगत हसली. मीही हसलो. आईनं वळून बघितलं नाही, पण तिचे खांदे हलताना दिसले.

मालिका पुढच्या वर्षी आली. आम्ही तिघं माझ्या मोबाइलवर डोकी एकत्र करून बघायला बसलो. धाकटा चांगला होता, बोली मात्र त्यानं वाटेत कुठंतरी सांडली होती. मग त्याच्या खांद्यामागे भिंत दिसली. हार झेंडूचा होता आणि इतका जाड, की दाढी सगळी त्यात बुडाली होती. कपाळ आणि डोळे तेवढे वर. संतोषनं एवढं सांगूनही डोळे वाट बघत होते. आईनं बोट पुढं केलं आणि हार बाजूला सारावा तसं पडद्याला लावलं. तिचं बोट लागताच चित्र थांबलं. धाकट्याचं तोंड अर्धं उघडं राहिलं आणि मागे मी. तिनं बोट काढलं नाही, आम्ही दोघांनीही तिला सांगितलं नाही. पडद्यावर मी सर्वांत जास्त वेळ राहिलो तो तेव्हा.

आता मी पहाटे वांगी, मेथी, कोथिंबीर घेऊन दुसरबीडच्या बाजारात जातो. गाडीतून येताना वाक्यं सुचतात, ती गाडी बाजूला लावून उतरवून घेतो. गेल्या आठवड्यात बाजारातच फोन वाजला. रिया आता कोणाची सहायक नाही. ती स्वतःच काहीतरी करू बघते आहे.

“सर, एक लिहिताय का? आणि त्यात एक भूमिका पण आहे. यावेळी जिवंत आहात.” ती हसली. “अजून काही फायनल नाही. पण दाढी काढू नका हं.”

मी बघतो म्हणालो. घरी कोणाला सांगितलं नाही. थंडीत दाढी करायचा कंटाळा येतो, एवढंच मी स्वतःलाही सांगितलं.

काल धुरातून घरी आलो. आई अंगणात वाळलेल्या गवऱ्या रचत होती. डोणगावचा माणूस त्या विकत घ्यायला येतो, दरवर्षी याच दिवसांत. तिनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे हनुवटीकडे, आणि परत रचायला लागली. मी गाडीतली रिकामी क्रेट उतरवली.

मग आई हात झटकत म्हणाली, “गनेस, यंदा गवऱ्या इकाच्या का ठेवाच्या?”